तोच सिनेमा, शेजारची खुर्ची, आणि एकाचेच डोळे ओले

या वेळी योगायोगाने एकाच विषयाची, म्हणजे सिनेमा एकाला भिडतो आणि दुसऱ्याला का नाही याची, चार पत्रं आली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि ही चारच घेतलीयेत. नावं अर्थातच देत नाहीये. सिनेमांची नावं पत्रांत होती, पण तीही काढलीत, कारण नाव आलं की लोक त्या सिनेमावरच बोलायला लागतात आणि मूळ प्रश्न राहून जातो.

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. माझा एक अत्यंत लाडका सिनेमा आहे, बापलेकीची गोष्ट आहे, लेक शिकायला लांब जाते, तिकडेच रमते, इकडे बाप आजारी पडतो आणि शेवटी ती परत येते. शेवटचा सीन म्हणजे ती त्याच्या उशाशी बसून स्वतःची वेणी घालत असते आणि तो थरथरत्या हाताने रिबिन पुढे करतो, लहानपणी तोच तिची वेणी घालायचा म्हणून. कोणी काही बोलत नाही. मी हा सिनेमा पहिल्यांदा होस्टेलवर असताना बघितला होता, घर सोडून दोन महिने झाले होते, आणि तेव्हापासून किती वेळा बघितलाय गणतीच नाही. तर गेल्या महिन्यात नवऱ्याला खूप हौसेने दाखवला. मी हुंदके देतेय आणि हा मधेमधे मोबाईल बघतोय, हॉस्पिटलचा भाग सुरू झाला तर चक्क उठून पाणी आणायला गेला तो दहा मिनिटं आलाच नाही. संपल्यावर म्हणे "छान आहे, जरा स्लो आहे." मला इतकं लागलं ना. याचे स्वतःचे बाबा तीन वर्षांपूर्वी पाच महिने हॉस्पिटलमध्ये होते, रात्री हाच थांबायचा त्यांच्याजवळ, त्यातच ते गेले. म्हणजे याला तर माझ्यापेक्षा जास्त भिडायला हवं ना? माझे बाबा तर सुखरूप आहेत. मला आता वाटायला लागलंय की या माणसाला आतून काही वाटतच नाही. माझं चुकतंय का?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या पाण्यापाशी थांबले. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, पण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच त्या ओळीत देऊन ठेवलंय. हॉस्पिटलचा भाग सुरू झाला आणि तो उठला. आधी नाही, नंतर नाही, तेव्हाच. ज्याला काहीच वाटत नाही तो माणूस कंटाळून बसून राहतो हो, जांभया देतो. पाच महिने रात्री ज्याने त्या खाटेशेजारी काढल्या त्याला पडद्यावरची ती खाट दिसली की सिनेमा दिसेलच कसा? त्याला स्वतःच्या बाबांची खाट दिसणार. तुम्ही सिनेमा बघत होतात, तो बहुतेक त्या रात्री बघत होता, आणि त्या बघवेनात म्हणून उठला.

हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्त होऊन गेले, त्यांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर जी टीका लिहिली, अभिनवभारती, त्यात त्यांनी नाटक बघताना रस का लागत नाही याची सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक आहे निजसुखादिविवशीभाव, नाव जड आहे पण अर्थ सरळ आहे : प्रेक्षक स्वतःच्याच सुखात किंवा दुःखात इतका बुडालेला असतो की समोरच्या गोष्टीत त्याला शिरताच येत नाही. म्हणजे आपल्याला वाटतं ज्याने जास्त सोसलंय त्याला जास्त भिडणार, तर तसं नाहीये. दुःख आठवणीच्या अंतरावर गेलेलं असेल तर भिडतं, आणि ते अजून अंगावरच असेल तर माणूस दार लावून घेतो. तुमचे बाबा सुखरूप आहेत म्हणून तर तुम्ही त्या सीनमध्ये मनसोक्त रडू शकता. तुमची भीती आहे ती, आणि भीती सिनेमात सुरक्षितपणे जगून बघता येते. त्याची भीती खरी होऊन गेलीये.

आता तुमच्याकडची बाजू. तुम्ही हा सिनेमा पहिल्यांदा बघितलात तेव्हा घर सोडून दोन महिने झाले होते. मला सांगा, तेव्हा घरी राहत असतात आणि बाबा बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेले असते, तर हाच सिनेमा इतका लाडका झाला असता? कदाचित आवडला असता, पण असा आत जाऊन बसला नसता. जुन्या लोकांनी याला वासना म्हटलंय, म्हणजे आज आपण वापरतो त्या अर्थाने नाही, तर मनात आधीच साठलेला ठसा. ठसा असेल तर नाटक त्याला हात लावतं, नसेल तर नुसतं बघून होतं. दरवेळी तुम्ही तो सिनेमा लावता तेव्हा त्या होस्टेलच्या खोलीतली मुलगीही तुमच्यासोबत बघायला बसते. तुमच्या नवऱ्याच्या शेजारी ती नव्हती बसलेली. त्याला दिसली ती फक्त गोष्ट, आणि गोष्ट म्हणून खरंच ती जराशी स्लो असेल, हेही मान्य करायला हवं.

शिवाय रडला नाही म्हणजे काही झालं नाही असंही नसतं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1997 सालचा एक प्रयोग आहे. त्यात लोकांना वेगवेगळ्या फिल्म दाखवल्या, एक दुःखी होती, एक विनोदी, एक अशीच साधी, आणि काही जणांना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. दुःखी फिल्मच्या वेळी त्यांचे चेहरे खरंच शांत राहिले, पण आतलं दुःख काही कमी झालं नाही, आणि हृदयावर, रक्ताभिसरणावर उलट जास्त ताण आलेला दिसला. म्हणजे दाबणाऱ्याला दाबण्याचे कष्ट वेगळे पडतात. आणि तुमच्या नवऱ्याला तर कोणी प्रयोगात सांगितलेलं नाही, त्याला बहुतेक लहानपणापासून सांगितलेलं असणार की मुलगा आहेस, रडायचं नाही.

मी स्वतः बरीच वर्षं एका फिल्म सोसायटीचं काम बघायचे. शो सुरू झाला की बाजूच्या दारापाशी स्टूल टाकून बसायचं, कोणी उशिरा आलं तर अंधारात जागा दाखवायची, हे माझं काम. त्यामुळे एकच सिनेमा मी पडद्यावर कमी आणि लोकांच्या चेहऱ्यांवर जास्त बघितलाय. एकदा एक सिनेमा होता ज्यात आई जाते आणि तो सीन असा होता की अख्खं हॉल रुमाल शोधत होतं. दुसऱ्या रांगेत कडेला एक काका बसलेले, ताठ, कोरडे, अगदी बातम्या बघाव्यात तसे. मला तेव्हा रागच आला त्यांचा, खोटं कशाला बोलू. मग पुढे वीसेक मिनिटांनी एक अगदी बारका शॉट आला, मुलगा घरी येतो, कुलूप काढतो, आणि दाराबाहेर चपला काढताना त्याच्या लक्षात येतं की आता इथे एकच जोड असणार. तीन सेकंदांचा शॉट असेल, हॉलमध्ये कोणी दखलही घेतली नाही, दोघं तर उठून बाहेर निघाले होते. त्या काकांनी चष्मा काढला आणि शो संपेपर्यंत परत घातला नाही. चष्म्याशिवाय त्यांना पडदा दिसत होता की नाही देव जाणे. त्या दिवसापासून मी कोणाला भिडलं नाही असं म्हणायचं सोडलं, फार तर म्हणते की मी बघत होते तेव्हा नाही भिडलं.

तर आता करायचं काय. त्याला तू रडला का नाहीस हे विचारू नका, तो जाब वाटतो. परत बघू या म्हणून आग्रहही करू नका, निदान एवढ्यात तरी. एखाद्या निवांत वेळी, सिनेमाचा विषयही न काढता, बाबांच्या त्या पाच महिन्यांतल्या रात्रींबद्दल विचारा. काय करायचास रे रात्रभर, झोप लागायची का, बाबा काय बोलायचे. आणि मग गप्प बसा. तो बोलेल की नाही माहीत नाही, पण तुम्ही ज्याला दगड समजताय त्याच्याबद्दल तुम्हाला बहुतेक काहीतरी वेगळं कळेल. आणि समजा काहीच निघालं नाही, त्याला खरोखरच फक्त तहान लागली होती आणि सिनेमा खरोखरच स्लो वाटला, तरी तो तुमच्यावर कमी प्रेम करतो असं त्यातून सिद्ध होत नाही. आपला लाडका सिनेमा दाखवताना आपण सिनेमा दाखवत नसतो, स्वतःला दाखवत असतो, म्हणून नाकारल्यासारखं वाटतं, हे मला अगदी कळतं. पण समोरच्याला हे माहीत नसतं ना. त्याला होस्टेलबद्दल सांगितलंय का कधी? पत्रात तसं काही दिसलं नाही.

प्रश्न : मॅडम, वय 22. सध्या एक सिनेमा आलाय ज्यावर सगळे म्हणतायत की दगडही रडेल. मित्र जाऊन आले, सगळ्यांनी रडतानाचे फोटो टाकले. मी गेलो, तयारीत गेलो, आणि काहीच झालं नाही. इंटरव्हलनंतर तर मी नुसती वाट बघत होतो की आता येईल रडू, आता येईल. माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का? खरंच सांगा.

उत्तर : बिघाड नाही. आधी एक आकडा सांगते म्हणजे जीव जरा शांत होईल. अश्रूंवर आयुष्यभर काम केलेले एक डच संशोधक आहेत, अॅड विंगरहुट्स, त्यांच्या गटाने 60 लोकांना अगदी हमखास रडवणारे म्हणून निवडलेले सिनेमे दाखवले. 28 जण रडले, 32 नाही रडले. हमखास रडवणाऱ्या सिनेमाला अर्ध्याहून जास्त लोक कोरडे, आणि त्या बत्तीस जणांत काही बिघाड होता असं कोणी म्हटलेलं नाही. (जाता जाता, रडलेल्यांचा मूड लगेच नंतर आणखी खाली गेला होता, वीस मिनिटांनी पूर्ववत झाला आणि दीड तासाने आधीपेक्षाही बरा झाला. म्हणजे रडल्यावर हलकं वाटतं हे खरं, पण लगेच नाही वाटत.)

आता तुझं काय झालं. तू लिहिलंयस की तू वाट बघत होतास. तिथेच सगळं आलं रे. सिनेमा माणसाला बेसावध असताना गाठतो, आणि तू सगळा वेळ पडद्याकडे अर्धा आणि स्वतःकडे अर्धा बघत होतास, आलं का, नाही आलं, घसा दाटतोय का. झोप लागतेय का हे तपासत बसलेल्याला झोप लागते का?

आणि आधी कानावर काय पडलंय याने फार फरक पडतो. 2017 साली यारा येशुरुन, उरी हॅसन या मेंदूच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. एकच गोष्ट दोन गटांना ऐकवली, गोष्टीत एक नवरा मित्राला फोन करून बायको कुठेय म्हणून विचारतोय. एका गटाला आधी सांगितलं की बायको खरंच फसवतेय, दुसऱ्याला सांगितलं की बायको प्रामाणिक आहे, नवराच संशयी आहे. शब्द तेच, आवाज तोच, पण मेंदूच्या वरच्या पातळीवरच्या भागांत, जिथे गोष्टीचा अर्थ लागतो, तिथे दोन्ही गटांचा प्रतिसाद वेगवेगळा, आणि आपापल्या गटात मात्र सारखा. एका वाक्याने एवढं होतं. तुला तर आठवडाभर शंभर लोकांनी सांगितलं होतं की दगड रडेल, म्हणजे तू सिनेमा बघायला गेलाच नाहीस, परीक्षेला गेलास.

दुसरी गोष्ट, त्यातले मुख्य सीन तू आधीच छोट्या क्लिपमध्ये बघितले होतेस का? बहुतेक असणारच, आजकाल रिलीजच्या दुसऱ्या दिवशी सगळं हातात येतं. क्लिपमध्ये रडण्याची जागा असते पण रडण्याची वाट नसते. पहिल्या चित्रपट सिद्धांतकारांपैकी एक, रशियाचे लेव्ह कुलेशॉव्ह, त्यांचा शंभरेक वर्षांपूर्वीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, एकदा सूपच्या वाटीनंतर, एकदा शवपेटीनंतर, एकदा खेळणाऱ्या लहान मुलीनंतर जोडला. ती फिल्म आज उरलेली नाही, पण त्यांचे शिष्य, दिग्दर्शक पुडोवकिन यांनी लिहून ठेवलंय की लोकांनी त्या नटाच्या अभिनयाची तारीफ केली, सूपसमोर विचारात हरवणं काय दाखवलं, शोक काय दाखवला. चेहरा तोच होता! भरलं ते बघणाऱ्यांनी, आधी काय बघितलं त्यावरून. सिनेमातला रडवणारा चेहरा असाच असतो, त्याच्या आधीचे दीड तास काढून घेतले की तो नुसता चेहरा उरतो. तू ते चेहरे आधी बघून बसलास आणि मग दीड तास मागून आले.

आणखी एक सांगते, हे थोडं खोल आहे पण मला फार महत्त्वाचं वाटतं. हेच उरी हॅसन आणि त्यांचे सहकारी, 2008 मध्ये त्यांनी वेगवेगळ्या फिल्म बघताना लोकांचे मेंदू किती सारखे चालतात ते मोजून दाखवलं. रहस्यपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हिचकॉकच्या टीव्हीवरच्या एका भागाला मेंदूच्या वरच्या थराचा 65 टक्के भाग सगळ्यांमध्ये सारखा चालला, एका सैलसर विनोदी मालिकेला 18 टक्के, आणि बागेत नुसता कॅमेरा लावून ठेवलेल्या चित्रणाला 5 टक्क्यांहून कमी. दिग्दर्शकाची पकड जेवढी घट्ट तेवढी सगळी माणसं एकाच जागी. हे भावनेचं माप नाही बरं का, सिनेमाच्या चांगल्या-वाईटाचं तर नाहीच, हे त्यांनीही म्हटलंय. पण मी त्यातून माझ्यापुरतं एक समजून घेतलंय, की घाबरवायला, दचकवायला सगळ्यांना एकाच वेळी जमतं, आणि जे सिनेमे मुद्दाम जागा मोकळी सोडतात, कमी बोलतात, उत्तर देत नाहीत, ते एकाला आयुष्यभर पुरतात आणि शेजारच्याला काहीच देत नाहीत. कारण त्या मोकळ्या जागेत ठेवायला त्या दिवशी शेजारच्याकडे काही नव्हतं. म्हणजे त्याच्या आयुष्यात नव्हतं असं नाही, त्या दिवशी हाताशी नव्हतं.

फक्त एक विचारते आणि हे गंभीरपणे विचारते. रडू आलं नाही ते सोड, हसू येतंय का? आवडतं गाणं लागलं तर बरं वाटतं का, मित्र भेटले की मजा येते का? ते सगळं नीट असेल तर हे पत्र विसरून जा. पण गेले कित्येक आठवडे सगळंच बेचव झालं असेल, ज्यात आधी रमायचास त्यातही मन लागत नसेल, झोप बिघडली असेल, तर मात्र तो सिनेमाचा प्रश्न नाही, एकदा डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोल, घरात कोणाला तरी सांगून जा.

प्रश्न : माझ्या तरुणपणी ज्या सिनेमाने आम्ही मैत्रिणी चार दिवस सुन्न होतो, तो परवा सोळा वर्षांच्या मुलीला दाखवला. शेवटच्या सीनला ती हसली. हसली! म्हणाली, आई, किती ओव्हर आहे हे. मला इतका राग आला की मी टीव्हीच बंद केला. आजकालच्या मुलांना काही संवेदना उरल्यात का हो?

उत्तर : उरल्यात, भरपूर उरल्यात, तिला जे भिडतं ते तुम्ही एकदा तिच्या शेजारी बसून बघा. तुमच्या सिनेमाचं झालं असं की त्याची भाषा जुनी झाली. कॅमेरा झपकन चेहऱ्यावर जाणं, त्याच क्षणी वाद्यांचा कल्लोळ, नटाने प्रत्येक वाक्याआधी श्वास घेणं, हे सगळं तुम्हाला दिसतच नाही, कारण तुम्ही त्या भाषेत वाढलात. तिला तेच आधी दिसतं. अभिनवगुप्तांच्या यादीतलं पहिलंच विघ्न आहे संभावनाविरह, म्हणजे असं होऊ शकेल यावर विश्वासच न बसणं. विश्वास बसला नाही की माणूस बाहेर उभा राहतो, आणि बाहेर उभं राहून बघितलं तर कुठलंही रडणं ओव्हरच दिसतं. उलटही होतं, आजचा सिनेमा इतका दबक्या आवाजात बोलतो की आपल्या पिढीतल्या कित्येकांना वाटतं, यात काही घडलंच नाही. मला स्वतःला दोनतीन सिनेमे असे लागले, पहिल्यांदा हात रिकामे, दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं की अरे, सगळं खुर्च्यांच्या मांडणीत आणि न उचललेल्या फोनमध्ये होतं.

आणि जुना सिनेमा म्हणजे तेव्हा सगळ्यांना भिडलाच होता असंही समजू नका. फ्रँक काप्रा यांचा इट्स अ वंडरफुल लाइफ, 1946 चा. आज अमेरिकेत नाताळला घराघरात लोक तो बघून रडतात, पण आला तेव्हा त्याने खर्चही वसूल केला नव्हता. 1974 मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, मग टीव्ही चॅनेलना तो फुकटात दाखवता यायला लागला, दरवर्षी, परत परत, आणि मुलं आईबापांच्या मांडीवर बसून तो बघत मोठी झाली. आता ती रडतात ती सिनेमाला किती आणि त्या मांडीला किती, कोण वेगळं करणार? सिनेमा तोच, एक फ्रेमही बदललेली नाही.

पण तुमच्या बाबतीत मला खरं वेगळंच वाटतंय. शेवटचा सीन आला तेव्हा तुम्ही टीव्हीकडे बघत होतात की मुलीकडे? मला पैजेवर सांगता येईल की मुलीकडे. डोळ्यांत पाणी येतंय का ते बघत होतात. सोळा वर्षांच्या पोरीला ते बरोबर कळतं, आणि कोणीतरी आपल्या रडण्याची वाट बघतंय हे कळलं की त्या वयात माणूस एक तर चिडतं नाहीतर हसतं. हसणं ही कित्येकदा आडोशाला उभं राहण्याची जागा असते. तिला कदाचित थोडं लागलंही असेल, सांगता येत नाही. शेवट बघायचा राहिलाय ना तुमचा दोघींचा, टीव्ही बंद केलात म्हणून? तिला रिमोट देऊन ठेवा आणि तुम्ही आतल्या खोलीत जा. तिला बघायचा असेल तर बघेल. नाही बघितला तरी परत विचारू नका. आणि तुम्ही मैत्रिणी चार दिवस सुन्न होतात ना, त्या चार दिवसांत काय काय बोललात, कुठे बसायचात, ते मात्र तिला सांगा. ते ती नक्की ऐकेल.

प्रश्न : मी सत्तरीची आहे. एक सिनेमा आहे, त्यात धाकटा भाऊ गाडीच्या खिडकीतून हात हलवतो आणि पुढे तो कधीच परत येत नाही. हे मला पाठ आहे. तरी दरवेळी रडते. घरचे म्हणतात, अहो आजी, तुम्हाला माहितीये ना काय होणार ते. यात काही वेडेपणा आहे का?

उत्तर : आजी, वेडेपणा अजिबात नाही, आणि हा प्रश्न फक्त तुमच्या घरच्यांना पडलेला नाही. कॉलिन रॅडफर्ड नावाच्या तत्त्वज्ञाने 1975 साली यावर अख्खा निबंध लिहिला, की जी माणसं मुळात नाहीतच हे आपल्याला पक्कं माहीत आहे, त्यांच्यासाठी आपण रडतो कसे, आणि त्यावर विद्वान लोक अजून वाद घालतायत. त्यांचं होईल तेव्हा होवो. मला वाटतं माहीत असण्याने रडू कमी होत नाही, ते फक्त आधी सरकतं. पहिल्यांदा बघताना तो हात हलवतो तेव्हा तुम्ही हसला असाल, कारण तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, त्या घरातल्या माणसांसारखंच. रडलात ते पुढे, बातमी आल्यावर. दुसऱ्यांदा मात्र त्या हात हलवण्यालाच रडलात. आणि आता इतक्या वेळा बघून झाल्यावर माझी खात्री आहे की त्याच्याही आधी कुठेतरी तुमचा घसा दाटत असणार, तो बॅग भरत असेल तिथे, किंवा मोठी बहीण त्याला लवकर आवर म्हणून ओरडते तिथे, जिथे इतर कोणाला काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी लावाल तेव्हा नेमकं कुठल्या जागी भरून आलं ते बघून ठेवा आणि मला कळवा, दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील.